केयी, केळी आणि बनाना

धुळ्याहून जळगावला निघालेली दुपारची एसटी. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता, मध्ये पारोळा, एरंडोल आणि जळगावच्या अलीकडे गिरणेचा पूल. खिडकीशी बसलेले सर धुळे जिल्ह्यात पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. शेजारी त्यांची जुनी विद्यार्थिनी. ती आता जळगावात मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग चालवते, आणि वर्गातले सगळे तिला ताई म्हणतात. दोघांनाही मी ओळखतो. त्यांच्यात सुरू झालेला वाद खानदेशातल्या कितीतरी घरांत रोज मनातल्या मनात चालतो, म्हणून तो जसा ऐकला तसा इथे मांडतो आहे.

सर : तुझ्या वर्गाची पाटी पाहिली मी. ‘व्याकरणाशिवाय इंग्रजी बोला.’ वाचून वाईट वाटलं, बेटा. पाया न खोदताच घर बांधायला निघालीस?

ताई : सर, ती पाटी माणसांना दारातून आत आणण्यासाठी आहे. माझ्याकडे कोण येतं ते ऐका. रावेरकडच्या केळीच्या पॅकहाऊसमधला सुपरवायझर. आखातातल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची आहे अशी नर्स. चटईच्या कारखान्यातला फोरमन. मुलांना इंग्रजी शाळेत घातलं आणि आता त्यांच्या डायरीतली सूचना वाचता येत नाही म्हणून आलेली आई. दिवसभर राबून ही माणसं सात वाजता येतात. पहिल्याच दिवशी मी नामाचे प्रकार सांगायला लागले, तर आठवड्यात वर्ग रिकामा होईल.

सर : वर्ग भरलेला राहावा म्हणून कच्चं शिकवायचं? आमची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढली. इंग्रजी पाचवीपासून, पण जे वाक्य शिकलो ते हाडात मुरलं. त्या शिदोरीवर माणसं कोर्टात गेली, रेल्वेत गेली, कचेऱ्यांत गेली. चार ओळींचा अर्ज लिहिला तर त्यात बोट ठेवायला जागा नसे.

ताई : अर्ज लिहीत होती, सर. बोलत होती का? मी तुमच्या वर्गात पाच वर्षं बसले. निबंधात मला कोणी मागे टाकलं नाही. पण मुंबईला पहिल्या मुलाखतीत ‘तुमच्याविषयी सांगा’ म्हटल्यावर घशाला कोरड पडली. उत्तर येत होतं. ते बरोबर आहे का, हे मनात तपासत राहिले आणि तेवढ्यात समोरच्यानं पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

सर : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

ताई : आज सांगते आहे. आणि मी एकटी नाही. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत. दहा-दहा वर्षं इंग्रजीचा तास केलेली तीच मुलं माझ्या वर्गात येऊन म्हणतात, ‘ताई, समजतं सगळं, पण तोंडातून निघत नाही.’ त्यांना नियम कमी पडले नाहीत. चुकायची मुभा कमी पडली.

सर : मुभा म्हणतेस ते मान्य. पण चूक तशीच राहू दिली तर ती घर करते. तुझी माणसं दोन वर्षांनी काय बोलतात, ते खरं खरं सांग.

ताई : खरं सांगते. दोन वर्षांनी न घाबरता बोलतात. पण ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणतात. मी शंभर वेळा दुरुस्त करून दिलं. त्या क्षणी हो म्हणतात आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच.

सर : कारण तू त्यांना चूक दाखवलीस, चुकीचं मूळ दाखवलं नाहीस. मराठीत आपण म्हणतो, ‘मी गेलो नाही.’ झालेल्या काळाची खूण ‘गेलो’मध्ये आहे. ‘नाही’ आलं तरी ‘गेलो’ जागचा हलत नाही. म्हणून आपला माणूस इंग्रजीतही ‘वेंट’ला सोडत नाही. इंग्रजीची रीत निराळी आहे. ‘डिड’ आला की काळाचं ओझं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं, मग ‘गो’ मोकळा झाला. एक ओझं दोघांच्या डोक्यावर द्यायचं नाही. एवढं समजलं की शंभर वेळा सांगावं लागत नाही.

ताई : हे तुम्ही आम्हाला वर्गात असं का नाही सांगितलंत?

सर : (थोडं थांबून) वर्गात साठ मुलं होती आणि हातात लाल पेन होतं. मी ‘वेंट’वर काट मारायचो. मुलाला काट दिसायची, कारण दिसायचं नाही.

पारोळ्याला गाडी थांबली. एक आजीबाई चढल्या आणि कंडक्टरला खानदेशच्या अहिराणी बोलीत काहीतरी विचारू लागल्या. कंडक्टरनं अहिराणीतच उत्तर दिलं. ताई तिकडे पाहत होती.

ताई : सर, तुम्ही वर्गात अहिराणी बोलू द्यायचा नाहीत.

सर : नाही द्यायचो. वाटायचं, मुलांचं मराठीच अशुद्ध राहिलं तर इंग्रजी कुठून सुधारणार? कोणी ‘पानी’ म्हटलं की मी ‘पाणी’ म्हणायला लावायचो. ‘केयी’ म्हटलं की ‘केळी’.

ताई : आमच्या माणसाची जीभ तिथेच अडते. तो दोनदा लाजलेला असतो. लहानपणी शाळेत मराठीसाठी लाजला, मोठेपणी इंग्रजीसाठी लाजतो. पुण्या-मुंबईला गेला की त्याच्या ‘काय करी ऱ्हायना’ला लोक हसतात. तो शिकून घेतो की तोंड बंद ठेवलेलं बरं. इंग्रजीच्या वर्गात येतो तेव्हा ते बंद तोंडच घेऊन येतो.

सर : तू म्हणतेस त्यात मी आणखी एक गोष्ट घालतो. ग्रिअर्सन साहेबांच्या भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, मराठीच्या खंडात नाही. १९०७ साली निघालेल्या भागात ती भिल्ली बोलींबरोबर मांडली आहे. ती मांडणी पुढे कोणी मान्य करो वा न करो, एवढं तर दिसतं की पुस्तकी मराठी आपल्या पोराच्या घरची भाषा नव्हती. शाळेत गेल्यावर तो ती शिकला. ‘मी जास’चं ‘मी जातो’ केलं, ‘उना’चं ‘आला’ केलं. ‘ळ’ घरी नव्हता, तो कमावला.

ताई : म्हणजे तो एकदा दुसरी भाषा शिकून बसला आहे!

सर : हो. आणि त्याची मोजदाद कोणी केली नाही. मीही केली नाही. माझ्याकडे आलेलं प्रत्येक अहिराणी पोर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्याचा घाट चढून आलं होतं. मी त्याला म्हणत राहिलो, ‘तुला जमणार नाही.’

गाडी पुन्हा हमरस्त्याला लागली. बराच वेळ दोघंही बोलले नाहीत. मग ताईनं विषय उच्चाराकडे वळवला, आणि वाद पुन्हा पेटला.

सर : उच्चार मात्र मी सोडणार नाही. ‘थिंक’ म्हणताना जीभ दातांच्या मध्ये आली पाहिजे. आपण मराठी ‘थ’ काढून मोकळे होतो.

ताई : मी सोडते, सर. आपला ‘थ’ ऐकून कोणाचा गैरसमज होत नाही. माझी कसोटी एकच आहे : उच्चार बदलल्यानं अर्थ बदलतो का? बदलत असेल तर मी एका शब्दावर आठवडा घालवीन. त्या रावेरच्या सुपरवायझरचं सांगते. परदेशी जाणारी केळी थंड कंटेनरमध्ये भरतात. तापमान तेरा-साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. त्याहून फार खाली गेलं तर साल काळवंडते, वर गेलं तर केळी वाटेतच पिकायला लागतात. त्यानं फोनवर सांगितलं, ‘थर्टीन.’ पलीकडच्यानं विचारलं, ‘थर्टी?’ हा म्हणाला, ‘येस, येस, थर्टीन.’ पलीकडचा पुन्हा म्हणाला, ‘थर्टी?’ सुदैवानं त्या माणसाला केळीची माहिती होती, त्यानं लिहून मागितलं. नाहीतर तेराच्या जागी तीस! अख्खा माल गेला असता.

सर : तो ‘न’ गिळला असणार.

ताई : ‘न’ गिळला, आणि जोर चुकीच्या ठिकाणी दिला. आपण मराठीत शब्दाच्या सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं तोलतो. इंग्रजीत तसं चालत नाही. ‘थर्टी’चा भार पुढच्या तुकड्यावर, आणि तेरा सांगायचे तेव्हा मागचा ‘टीन’ ठासून आणि लांबवून. शेवटी जीभ टाळूला टेकून ‘न’ ऐकू आला पाहिजे. आम्ही तेरा ते एकोणीस आणि तीस ते नव्वद अशा जोड्या फळ्यावर लिहिल्या आणि दोन दिवस टाळीवर म्हटल्या. जिथे जोर, तिथे टाळी. वरून नियम केला : फोनवर आकडा सांगितला की पाठोपाठ ‘वन, थ्री’ असं सुटं सुटंही सांगायचं. नर्स मुलीनं त्याच दिवशी ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ वहीत लिहून घेतलं. औषधाच्या डोसाचा प्रश्न आहे, म्हणाली.

सर : ही कसोटी चांगली आहे. मग ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’सुद्धा त्यातच घे. ‘आय लिव्ह हिअर’ म्हणजे मी इथे राहतो. तेच लांबवलं तर मी इथून जातो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आपण लांबच उच्चारतो, मधल्याबद्दल फार काटेकोर नसतो, म्हणून कानाला फरक कळत नाही. नोकरीच्या मुलाखतीत राहतोच्या जागी जातो ऐकू आलं तर पंचाईत.

ताई : घेते. आणि ‘व’सुद्धा. आपल्याकडे एकच ‘व’, त्यांच्याकडे दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला ओठ शिट्टीसारखे गोल होतात. हे मी आरशासमोर करून घेते. समजावत बसण्यापेक्षा आरसा लवकर शिकवतो.

सर : आणि शब्दसंग्रह? रोज दहा शब्द पाठ?

ताई : नाही. आधी त्यांच्याकडे असलेले शब्द मोजते. केळी पिकवणाऱ्या माणसाला विचारा. तो ठिबक म्हणेल, पण त्याच दमात लॅटरल, ड्रिपर, फिल्टर, प्रेशर, व्हॉल्व्ह, एंडकॅप, फ्लश म्हणेल. टिश्यू कल्चर, ग्रँड नैन, कटिंग, बॉक्स, कंटेनर म्हणेल. त्याला वाटतं इंग्रजीतला एक शब्द येत नाही, आणि त्याच्या शेतात चाळीस इंग्रजी शब्द उभे असतात. त्या शब्दांना वाक्य मिळालेलं नाही, एवढंच. ‘क्लीन द फिल्टर.’ ‘चेक द प्रेशर.’ ‘द ड्रिपर इज ब्लॉक्ड.’ पहिल्याच दिवशी तो बोलता होतो.

सर : पण ओळखीचा शब्द कधी कधी फसवतोही.

ताई : फसवतो. त्याच सुपरवायझरला एका खरेदीदाराचा ईमेल आला. एका बॉक्समध्ये अमुक ‘हँड्स’ हवेत, असं होतं. त्याला वाटलं, बॉक्स भरायला तितके मजूर लावा म्हणतोय. केळीच्या धंद्यात घड म्हणजे ‘बंच’, फणी म्हणजे ‘हँड’ आणि सुटं केळं म्हणजे ‘फिंगर’. घडाला हात आणि हाताला बोटं. हे त्याला सांगितल्यावर तो कितीतरी वेळ हसत होता, आणि तो शब्द तो आता जन्मात विसरणार नाही. जे रोज हाताळतो, त्याचं नाव पक्कं बसतं.

सर : तरी उजळणी लागतेच. एबिंगहॉस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिलं की शिकलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सर्वाधिक गळतं. म्हणून नवा शब्द दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्यानं पुन्हा समोर आला पाहिजे. आणि ‘क्लीन द फिल्टर’वर थांबू नकोस. ‘आय क्लीन्ड इट यस्टरडे’, ‘आय हॅव ऑलरेडी क्लीन्ड इट’, ‘आय विल क्लीन इट टुमॉरो’ असं तेच वाक्य काळांतून फिरव. मग व्याकरणाचा तास वेगळा घ्यावाच लागणार नाही.

एरंडोल मागे पडलं. आता दोघांचा सूर वादाचा राहिला नव्हता, पण दोघांनीही आपापली जागा सोडली नव्हती.

ताई : सर, तुम्हाला एक गंमत सांगते. चटईच्या कारखान्यातला फोरमन आठवड्यातून एकदा चीनमधल्या मशीनवाल्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. एकदा मी शेजारी बसून ऐकलं. तो चिनी माणूस म्हणाला, ‘यस्टरडे आय सेंड टू बॉक्स.’ आपला म्हणाला, ‘वन पार्ट इज नॉट कमिंग.’ त्याला म्हणायचं होतं की एक पार्ट अजून आलेला नाही. पलीकडच्याला वाटलं, पार्ट आता येणारच नाही. तो घाबरला आणि कुरियरचे कागद शोधायला लागला.

सर : दोघांच्याही चुका त्यांच्या घरच्या आहेत. चिनी भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही. ‘काल’ म्हटलं की झालं. अनेकवचनाचा प्रत्ययही नामाला लागत नाही, ‘दोन’ म्हटलं की पुरे. म्हणून ‘यस्टरडे सेंड’, म्हणून ‘टू बॉक्स’. आणि आपल्या माणसाच्या कानात ‘करी ऱ्हायना’, ‘ई ऱ्हायना’, म्हणजे ‘करतो आहे’, ‘येतो आहे’, घुमत असतं, म्हणून तो प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ जोडतो. ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’

ताई : उच्चारातही तेच. त्यांच्या भाषेत ‘मा’ हा एकच आवाज चार सुरांत म्हटला तर आई, ताग, घोडा आणि रागावणं असे चार अर्थ होतात. म्हणजे त्यांचा कान सुराला किती तयार! पण त्यांच्याकडे बहुतेक शब्द स्वरावर किंवा ‘न’सारख्या नाकातल्या आवाजावर संपतात. म्हणून ‘बॅग’च्या शेवटचा ‘ग’ त्यांना जड जातो. आपल्याला तो अगदी सोपा. एका गोष्टीत मात्र आपण दोघं सारखे : प्रश्नाचा शब्द आपण उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेत नाही. ‘तू कुठे चाललास?’ तेही तसंच विचारतात. म्हणून दोघंही इंग्रजीत ‘यू गोइंग व्हेअर?’ म्हणतात.

सर : आणि ‘अ’ आणि ‘द’ची अडचणही दोघांना. पण आपल्या माणसाला मी ते दोन वाक्यांत शिकवतो. ‘एक माणूस आला होता. तो माणूस काल परत आला.’ आपल्या ‘एक’ची जागा इंग्रजीत ‘अ’ घेतो, ‘तो’ची जागा ‘द’ घेतो. इंग्रजीतही ते दोन शब्द ‘एक’ आणि ‘तो’ अशाच अर्थाच्या शब्दांतून आले आहेत.

ताई : सर, मग चिनी माणसासाठी एक पुस्तक आणि खानदेशी माणसासाठी दुसरं, असंच लागेल ना? दुकानात मिळणारी पुस्तकं सगळ्यांसाठी एकच असतात. आमची अडचण कुठे आहे ते त्यांना ठाऊकच नसतं.

सर : ते पुस्तक बाहेरचा माणूस लिहिणार नाही. ज्याला अहिराणी येते, तोच लिहील. आपल्या धुळ्यात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे राहिले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. इंग्रजी उत्तम येत असून त्या माणसानं लिहिलं मराठीत, आणि गावोगावचे शब्द गोळा करून त्यांचे धातू शोधले. मी त्या मंडळात अनेकदा जाऊन बसलो. इतकी वर्षं मी समजत होतो की राजवाडे मराठीचे आणि मी इंग्रजीचा. आज वाटतं, इंग्रजी शिकवणाऱ्यालाच त्यांच्या रीतीची जास्त गरज आहे. आपल्या बोलीचं व्याकरण ज्याला दिसतं, त्याला दुसऱ्या भाषेचं वळण पटकन दिसतं.

गिरणेचा पूल आला. डाव्या-उजव्या खिडकीतून लोक नदीत पाणी किती आहे ते पाहू लागले. जवळच विद्यापीठाचा परिसर.

ताई : हे बघा सर, बहिणाबाईंचं विद्यापीठ. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कानानं शिकल्या, तोंडानं गायल्या, लेवा बोलीत. मी वर्गात नेहमी सांगते, आधी कान आणि तोंड, मग कागद.

सर : आणि मी सांगतो, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ते लिहून ठेवलं नसतं, १९५२ साली त्या गाण्यांचं पुस्तक निघालं नसतं, तर आज या फाटकावर ते नाव नसतं. बेटा, बोललेलं टिकवायला कागद लागतो. तुझ्या सुपरवायझरलाही शेवटी ‘थर्टीन’ लिहूनच पाठवावं लागलं.

ताई हसली नाही. तिनं पर्समधून डायरी काढली आणि काहीतरी टिपून घेतलं.

ताई : गुरुवारी वर्गाला या ना, सर.

सर : येतो. एका अटीवर. बोलताना मी कोणाला अडवणार नाही, पण महिन्यातून एक पान प्रत्येकानं लिहून द्यायचं, आणि त्याच्यावर मी बोलणार.

ताई : लाल पेनानं?

सर : पेन नको. प्रत्येकाला शेजारी बसवून, त्याच्या बोलीतून.

ताई : मग माझीही अट आहे. पाटीवरचं ते वाक्य मी काढते. तुम्ही पहिल्या दिवशी फळ्यावर तीन रकाने करा. पहिल्यात घरचा शब्द, दुसऱ्यात शाळेचा, तिसऱ्यात इंग्रजी.

सर : पहिली ओळ काय लिहू?

ताई : केयी, केळी, बनाना. दोन रकाने तर त्यांचे आधीच भरलेले आहेत. त्यांना दिसू देत.

गाडी जळगावच्या बसस्थानकात शिरली. लोक बॅगा उतरवायला उठले. सर उभे राहिले, आणि ज्यांनी पस्तीस वर्षं वर्गात एक शब्दही अहिराणीतून येऊ दिला नव्हता, ते ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

‘चाल बेटी, जयगाव उनं.’